बाईंचा उजवा हात

ही हकिगत सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, आणि ती गेल्यावर वाटलं, आता ऐकायला उरलंय कोण. मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे आठवणी मागितल्या, तेव्हा सुरतेतल्या जुन्या गणेशोत्सवांवर पानंच्या पानं लिहून दिली आणि नेमकी एवढीच गोष्ट वगळली. गेल्या श्रावणात सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात एका पूजेला गेलो होतो. तिथे जे पाहिलं त्यानंतर गप्प बसणं मला जमेनासं झालं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बँकेत होतो. बँकेत कॉम्प्युटर आले, आम्हाला प्रशिक्षण मिळालं, आणि माझ्या वयाचे लोक माउसला हात लावायला बिचकत असताना मला त्या यंत्राची गोडी लागली. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचे जावई परदेशात असत. त्यांनी मंडळासाठी वेबसाइट काढून दिली आणि "फोटो आणि मजकूर तेवढा तुम्ही घाला" म्हणाले. काम माझ्याकडे आलं. मंडळाचा कॉम्प्युटर आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत बसवला. बायकोने त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं.

जावयांनी एक कॅमेराही ठेवून दिला होता. त्यात रोलऐवजी फ्लॉपी घालायची. फोटो काढला की आतून करकर आवाज यायचा आणि लगेच मागच्या काचेवर चित्र दिसायचं. लोक फोटोला उभे राहायचे आणि करकर संपायच्या आत "बघू, बघू" करत माझ्या मागे गोळा व्हायचे. पण काढलेला फोटो तसाच वेबसाइटवर घातला की उघडायचा नाही. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट ते. मी वेबसाइट बघायला सायबर कॅफेत जायचो, तिथला मालक सुरुवातीला मला पाहिलं की म्हणायचा, "काका, आ फोटा तो बहु भारे छे, खुलता ज नथी." मग मी फोटो हलके करायला शिकलो. नको ते बाजूने कापायचं, म्हणजे क्रॉप. अंधार असेल तर उजेड वाढवायचा. आकार लहान करायचा. जतन करताना दर्जा थोडा उतरवायचा, इतकाच की चेहऱ्यावर चौकोन दिसू नयेत. मूळ फोटो वेगळा ठेवायचा आणि नक्कलेवर काम करायचं, हेही शिकलो. वरून खाली हळूहळू उतरणारा फोटो एकदम पुरा दिसायला लागला, त्या दिवशी मी कॅफेच्या मालकाला चहा पाजला.

माझ्याकडे एक पुस्तक होतं. त्यात एक नियम दिला होता: फोटोतल्या माणसाने मजकुराकडे बघितलं पाहिजे, पानाबाहेर नव्हे. बाहेर बघणारं माणूस वाचणाऱ्याची नजरही बाहेर नेतं. नियम मला फार पटला. आमच्या पानावर मजकूर डावीकडे आणि फोटो उजवीकडे असे. म्हणजे माणसाने डावीकडे बघायला हवं. एखादा उजवीकडे बघत असेल, तर फोटो आडवा उलटवायचा. आरशात दिसतो तसा. एक बटण दाबायचं काम. फक्त मागे दुकानाची पाटी वगैरे आहे का ते बघून घ्यायचं, नाहीतर अक्षरं उलटी दिसतात. एकदा आमच्या चिटणिसांच्या पाठीमागचं अख्खं किराणा दुकान उलटं झालं होतं, तेव्हापासून मी अक्षरांच्या बाबतीत फार काळजी घेत असे.

आता बाईंबद्दल. त्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. आमच्या शेजारी राहायच्या. यजमान पाटबंधारे खात्यात. बाई दोन-तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुण्याला जाऊन राहिल्या आणि पौरोहित्य शिकून आल्या. पुण्यात तेव्हा बायका पूजा सांगू लागल्या होत्या, पण सुरतेत आमच्यात ते नवीन होतं. मंडळातले लोक कौतुक करायचे आणि घरी पूजा असली की गुरुजींना बोलवायचे.

बाईंना बोलावलं ते नवागामच्या वस्तीने. त्यांच्या शाळेतली बरीच मुलं तिथली, यंत्रमागावर काम करणाऱ्या खानदेशी घरांतली. गुरुजी तिथे जायला कुरकुरत, आणि गेले तर भरभर उरकून पुढच्या घरी पळत. बाई मात्र बसायच्या. प्रत्येक मंत्राचा अर्थ सांगायच्या. सत्यनारायणाच्या कथेत कोणी मध्येच शंका काढली, तर थांबून उत्तर द्यायच्या. तिथल्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बाई सांगतस ते आम्हले समजस. देवले बी समजत व्हई."

त्या वर्षी बाईंनी मंडळाकडे एक गोष्ट मागितली. गणपतीची प्राणप्रतिष्ठा आपल्याला करू द्यावी. एवढीच. मला त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, नवागामच्या माझ्या मुली त्या दिवशी मंडळात येतात आणि मागे उभ्या राहून बघतात. त्यांनी एकदा मला पुढे बसलेली बघायला हवी. म्हणजे त्यांना वाटेल, आपणही बसू शकतो." कार्यकारिणीत बराच वाद होऊन होकार मिळाला, आणि अध्यक्ष मला म्हणाले, "वेबसाइटवर बाईंचा फोटो झोकात घाला. परदेशातल्या लोकांनाही कळू दे, सुरत मागे नाही."

फोटो मीच काढला. नवागामच्या एका खोलीत, सत्यनारायणाच्या पूजेत. यजमान नवरा-बायको पाटावर बसलेले, बाई समोर, त्यांना विधी दाखवत होत्या. डाव्या हातात घंटा, उजव्या हाताने फूल वाहताहेत, चेहऱ्यावर खिडकीतला उजेड. करकर झाली आणि मी काचेवर पाहिलं. इतका चांगला फोटो मी आजवर काढला नव्हता.

घरी येऊन कामाला बसलो. फोटो जड होता. आधी क्रॉप केला. बाई तेवढ्या हव्या होत्या, म्हणून ते जोडपं कापलं. भिंतीवरचं गुजराती कॅलेंडर कापलं. उजेड थोडा वाढवला. बाई उजवीकडे बघत होत्या. अक्षरं कुठे आहेत का पाहिलं; कॅलेंडर तर मीच कापलं होतं. बटण दाबलं. बाई मजकुराकडे बघायला लागल्या. मी खूश झालो.

जोडपं राहू दिलं असतं तर पूजेत नवऱ्याच्या उजवीकडे बसणारी बायको डावीकडे दिसली असती, आणि काहीतरी चुकलंय हे आमच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं असतं. निदान माझ्या तरी.

पुढच्या बैठकीत खजिनदारांनी एक कागद टेबलावर ठेवला. ते निवृत्त इंजिनिअर. सायबर कॅफेतून ते पान छापून आणलं होतं.

"मी विरोधात नाही हं," ते म्हणाले. "बायकांनी पूजा सांगावी, अवश्य सांगावी. पण फूल उजव्या हाताने वाहावं, एवढं तरी पुण्याला शिकवत असतील ना?"

कागद फिरला. घंटा उजव्या हातात, फूल डाव्या. छापील कागदावर अगदी स्वच्छ दिसत होतं.

"अहो, पदरसुद्धा उजव्या खांद्यावर आहे," कोणीतरी म्हणालं. "बाई गुजरातण झाल्या की काय?"

"सुरतेचं पाणी! आता नैवेद्याला मोदकाऐवजी खमण."

सगळे हसले. कागद माझ्यापर्यंत आला आणि मला दिसलं. एका क्षणात सगळं दिसलं. पदर उजव्या खांद्यावर येण्याचं कारण एकच होतं, आणि ते मला सोडून त्या खोलीत कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. फोटो आरशासारखा उलटवता येतो हेच त्यांच्या गावी नव्हतं. शिवाय सुरतेत उजव्या खांद्यावरचा पदर रोज दिसतो, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात ना तिथे? फूल कोणत्या हाताने वाहिलं बाईंनी?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "मी कॅमेऱ्यात बघत होतो. नीट लक्षात नाही."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच बैठकीत थोड्या वेळापूर्वी वेबसाइटबद्दल माझं कौतुक झालं होतं, ते मला सोडवेना, हे खरं. खजिनदार कॉम्प्युटरच्या खरेदीच्या विरोधात होते, त्यांच्यासमोर माझं हसं झालं असतं, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. बाईंच्या बाजूने मत देताना मी हात वर केला होता, पण मनातून मला ते जड जात होतं. गणपतीपुढे गुरुजीच बसलेले पाहायची सवय होती. कागद पाहून मला भीती वाटली तसंच थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

नवागामला जाऊन त्या जोडप्याला विचारावं, असं कोणी सुचवलं नाही. ठरलं ते असं, की यंदा नेहमीचे गुरुजी, बाईंचं पुढे बघू. "तुम्ही शेजारी आहात," अध्यक्ष मला म्हणाले. "तुम्हीच सांगा त्यांना. जरा गोडीत सांगा."

मी गेलो तेव्हा बाईंचे यजमान झोपाळ्यावर पेपर वाचत होते आणि बाई गवार निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो. मग सांगितलं. बाईंनी कागद मागितला. मला वाटलं, आता त्या म्हणतील, भाऊ, हा फोटो उलटा आहे. मनातून मी त्याची वाट बघत होतो. त्यांनीच ते ओळखलं असतं तर मी लगेच "अरेच्चा" म्हणून कपाळावर हात मारायला तयार होतो.

बाईंनी कागदातले हात तेवढे पाहिले, पदराकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मग त्यांनी गवारीची परात खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

"गेली नाही म्हणजे," त्या म्हणाल्या.

"काय गेली नाही?" यजमानांनी पेपर खाली केला.

"सवय. लहानपणी मी डावखुरी होते हो. आईने वर्षभर या हाताला फडकं बांधून ठेवलं होतं. जेवताना, लिहिताना. मला वाटलं, मोडली." त्या माझ्याकडे बघून जरा हसल्या. "माझ्या नकळत बाहेर आली बघा. तीही नेमकी पूजेत."

"काहीतरीच," यजमान म्हणाले. "इतकी वर्षं पोळ्या लाटतेस, वाढतेस. मला कधी दिसलं नाही ते."

"तुम्ही पानातून डोकं वर काढता का कधी? फोटोत दिसतंय ना!"

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

त्या वर्षी प्रतिष्ठा गुरुजींनी केली. बाई नवागामच्या मुलींबरोबर मागे उभ्या होत्या आणि आरत्या खड्या आवाजात म्हणत होत्या. विसर्जनानंतर मी मूळ फोटो काढला, न उलटवता पुन्हा कापला आणि पानावर घातला. बाई आता पानाबाहेर बघत होत्या. कोणाला काही सांगितलं नाही. पुढे कधीतरी खजिनदारांनी तो पाहिला आणि बैठकीत म्हणाले, "नवा फोटो घातलात वाटतं. छान. बाई सुधारल्या म्हणायच्या." मी मान हलवली. तोच फोटो होता. तीच घंटा, तेच फूल.

आता चांगलं सांगतो, कारण पुढचं बरंचसं चांगलंच आहे आणि ते सगळं बाईंचं आहे.

त्यांनी पूजा सांगणं सोडलं नाही. एक बदल मात्र केला. पूजेला बसल्या की डाव्या हाताची मूठ मिटून मांडीवर ठेवायच्या आणि उठेपर्यंत ती उचलायच्या नाहीत. मग घंटा वाजवायची कोणी? घरातल्या पोरांनी. बाई पोरांना जवळ बसवायच्या आणि खुणेने सांगायच्या, आता वाजव, आता थांब. नवागामात घंटेसाठी पोरांची भांडणं लागायची. एका घरी दोघांनी ओढाताण करून घंटेचा लोलकच काढला आणि बाई हसून हसून मंत्र विसरल्या. पूर्वी पूजा चालू असताना पोरांना बाहेर हाकलायचे. बाईंच्या पूजेत ती चौरंगाला चिकटून बसू लागली, आणि त्यांच्यातल्या काही मुली ऐकून ऐकून म्हणू लागल्या. बाईंनी त्यांना घरी बोलावून शिकवायला सुरुवात केली. आमच्या भिंतीपलीकडून त्यांचे आवाज यायचे. घरी "माले", "तुले" बोलणाऱ्या आणि बाहेर सरळ हिंदी-गुजराती फेकणाऱ्या त्या पोरी पुरुषसूक्त म्हणताना एकही आघात चुकत नसत. माझी बायको स्वयंपाक करता करता थांबून ऐकायची.

काही वर्षांनी कार्यकारिणी बदलली आणि नव्या लोकांनी बाईंना प्रतिष्ठेला बोलावलं, कुठलाही वाद न होता. त्या पुढे बसल्या. मुली मागे नव्हत्या, दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. म्हाताऱ्या खजिनदारांनीच पहिल्यांदा वाकून नमस्कार केला. मी फोटो काढत होतो. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला मांडीवरची ती मिटलेली मूठ दिसत होती.

यजमान गेल्यावर बाई मुलीकडे नाशिकला जायला निघाल्या. तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं. दोन्ही फोटो छापून खिशात घातले, उलटा आणि सुलटा, शेजारी शेजारी धरून दाखवावे म्हणून. बाई भांडी वाटत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भाऊ. वहिनींना म्हणावं, हा कुकर घेऊन जा, शिट्टी थोडी रुसते." मी बसलो. खिशात हात घातला.

तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुमचे एक उपकार आहेत माझ्यावर. त्या वेळी तुम्ही तो कागद आणून दाखवलात. दुसऱ्या कोणी तोंडावर सांगितलं नसतं, माघारी हसले असते. तुम्ही सांगितलंत म्हणून मी हाताला आवर घातला. नाहीतर मुलींनाही चुकीचं शिकवलं असतं."

माझा हात खिशातच राहिला. "कसले उपकार," मी म्हणालो आणि कुकर घेऊन घरी आलो.

नंतर फोनवर सांगू म्हटलं. फोन व्हायचे, त्या तब्येत विचारायच्या, नवागामच्या मुलींची खबर घ्यायच्या, आणि मी "पुढच्या वेळी" म्हणत राहिलो. एके दिवशी फोन त्यांच्या मुलीने केला. बाई झोपेत शांतपणे गेल्या होत्या.

गेल्या श्रावणात पर्वत पाटियाला आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडे सत्यनारायण होता. पूजा सांगायला दोघी जणी आल्या. एक नवागामची, बाईंची विद्यार्थिनी, आता स्वतःची मुलं शाळेत जाणारी. दुसरी तिच्या हाताखाली शिकणारी, कॉलेजातली पोरगी. फार सुंदर पूजा सांगितली. त्या घरचा गुजराती जावईसुद्धा मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता. आणि दोघींचे डावे हात मूठ मिटून मांडीवर होते. घंटा घरातला नातू वाजवत होता.

प्रसाद घेताना मी दोघींतल्या धाकटीला विचारलं, "डावा हात असा का गं ठेवता?"

"विधीच आहे तो, आजोबा," ती म्हणाली. "बाईंची परंपरा आहे आमची. डावी मूठ म्हणजे मनावर ताबा."

"शास्त्रात आहे?"

ती थोरलीकडे बघायला लागली. थोरली हसून म्हणाली, "असेलच काका. बाई उगीच काही करायच्या नाहीत."

मी तिथे खरं सांगू शकलो असतो. पण ते आधी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, आणि ती पोरगी इतक्या अभिमानाने बोलली होती. घरी येऊन हे लिहायला बसलो. छापून आलं की त्या दोघींना नेऊन देणार आहे. त्यांनी मूठ उघडावी की मिटलेली ठेवावी, ते त्या ठरवतील. घंटा मात्र पोरांकडेच राहू द्यावी, असं माझं मत आहे.

आणि बाई, तुम्हाला जे त्या दिवशी गवार निवडताना सांगायचं होतं, ते असं. तुमची सवय परत आली नव्हती. फूल तुम्ही उजव्या हातानेच वाहिलं होतं. मी समोर होतो, मी पाहिलं होतं. फोटो मी उलटवला होता, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आणि हात डावा असता तरी देवाला ते फूल पोहोचलं असतं, हे त्या बैठकीत उठून म्हणणं माझं काम होतं. तेही मी केलं नाही. मला क्षमा करा.